हात लावला नाही, मग गैरवर्तन कसलं?

प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघणाऱ्या ताई लिहितात की कंपनीत कागदावर 'विशाखा समिती', म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारी समिती, आहे आणि तिच्यात आपलं नाव आहे हे त्यांना पंधरा दिवसांपूर्वी कळलं. कळलं कारण क्वालिटीतल्या चोवीस वर्षांच्या एका मुलीने प्लँट मॅनेजरविरुद्ध तक्रार दिली. तो तिच्या खुर्चीमागे येऊन कानाशी वाकून स्क्रीनवरचं दाखवतो. दिवाळीपासून रात्री अकराला 'झोपलीस का?' असे मेसेज करतो. कंपनीच्या बसने गणपतीपुळ्याला जाताना सगळ्यांदेखत तिच्या साडीवरून आणि अंगावरून बोलला. संक्रांतीनंतर तिने मेसेजना उत्तर देणं बंद केलं, तर महिन्यातले तिचे सुट्टीचे दोन शनिवार गेले आणि टेबल सोडून तिला यार्डात मोजणीला उभं केलं. समितीत एक म्हणतो, हात कुठे लावलाय? दुसरी म्हणते, हिनेही तीन महिने स्मायली पाठवल्यातच की. तिसरे म्हणतात, ते सगळ्यांशीच तसे, कोल्हापूरची भाषाच रांगडी. ताईंचा प्रश्न: मला तिघांचंही थोडं थोडं पटतंय आणि रात्री झोप लागत नाही. नेमकं बघायचं काय?

ताई, झोप लागत नाही हे चांगलं लक्षण आहे. मी गेली बारा वर्षं बाहेरची सदस्य म्हणून अशा समित्यांवर बसते, आणि मला भीती वाटते ती पहिल्या दिवशीच सगळं कळलेल्या सदस्यांची. तुमच्या मॅनेजरने गैरवर्तन केलं की नाही हे मी इथून सांगणार नाही. मी ना त्या मुलीचं ऐकलंय, ना त्याचं. पण तुमच्या तिन्ही सहकाऱ्यांचे मुद्दे मी इतक्या वेळा ऐकलेत की प्रत्येकाचं घर मला ठाऊक आहे.

आधी त्या नावाचं. सगळे अजून 'विशाखा समिती' म्हणतात, म्हणू देत. कायद्यात तिचं नाव 'अंतर्गत समिती' आहे. विशाखा ही संस्था, जी राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयात गेली. भंवरीदेवी सरकारी योजनेतली 'साथिन' होती, बालविवाह थांबवायचं काम करायची, आणि त्या कामाचा राग म्हणून १९९२ साली तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १३ ऑगस्ट १९९७ ला न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं; तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. हा इतिहास मी प्रत्येक समितीला सांगते, कारण लोक या कायद्याला बायकांच्या अब्रूचा कायदा समजतात. तो बाईच्या कामाचा कायदा आहे. तिने कामावर यावं, आठ तास काम करावं, पगार घ्यावा आणि त्यासाठी तिला कुणाचं काही सोसावं लागू नये, एवढंच तो मागतो.

आपल्याकडे गोंधळ शब्दांनीच होतो. पोलीस ठाण्यात शब्द असतो 'विनयभंग', आणि तो उच्चारला की सगळ्यांची नजर बाईच्या विनयाकडे वळते: कशी राहते, काय घालते, हसून बोलते का. गल्लीत शब्द असतो 'छेड काढली', म्हणजे जणू पोरांनी मांजराची शेपटी ओढली. समितीने हे दोन्ही शब्द दाराबाहेर ठेवावेत. तुम्ही तीनच गोष्टी तपासा. जे झालं ते लैंगिक स्वरूपाचं होतं का? तिला ते नकोसं होतं का? आणि कामाशी त्याचा संबंध आहे का? त्याचा हेतू काय होता, हा प्रश्न या तिन्हींत नाही. 'माझ्या मनात तसलं काही नव्हतं' हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल, आणि कित्येकदा ते खरंही असावं. पण पायावर पाय पडला की आधी पाय काढायचा असतो. मनात काय होतं ते नंतर.

आता पहिले सहकारी, हातवाले. कायद्याने लैंगिक छळाचे पाच प्रकार सांगितलेत आणि अंगचटीला येणं हा त्यातला फक्त एक. शरीरसुखाची मागणी, मग ती आडून केलेली असली तरी; लैंगिक अर्थाचे शेरे; अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं; आणि यापलीकडचं कुठलंही नकोसं लैंगिक वागणं, बोलून, न बोलता किंवा शरीराने. 'न बोलता' यात टक लावून बघणं येतं, इशारे येतात, वाट अडवून उभं राहणंही येतं. हाताची ही फूटपट्टी सर्वोच्च न्यायालयाने कधीच मोडून टाकली आहे. १९९९ साली वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषदेतल्या ए. के. चोप्रा नावाच्या अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं. उच्च न्यायालय म्हणालं होतं, त्याने प्रयत्न केला पण प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही, म्हणून बडतर्फी जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते खोडलं आणि बडतर्फी कायम केली. तेच माप २०२१ च्या जानेवारीत आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पुन्हा निघालं, तेही एका लहान मुलीच्या प्रकरणात: कपड्यावरून स्पर्श झाला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोखालचा, म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या कायद्याखालचा, लैंगिक हल्ला नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, की खुर्चीमागून कानाशी येणारा श्वास मोजायला इंच-टेप लागत नाही. तपासायचंच असेल तर हे तपासा: बाकीच्यांना स्क्रीनवर काही दाखवायचं असतं तेव्हा हे साहेब कुठे उभे राहतात? क्वालिटीत पुरुषही असतील. त्यांच्या कानाशी वाकतात का?

दुसऱ्या बाईंचा स्मायलीचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तिथेच समित्या घसरतात, आणि मीही घसरले आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या दिवसांत एक मुलगी माझ्याकडे आली होती, एका दुकानात कामाला होती. तिचं ऐकता ऐकता मी विचारलं, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस?" मला खरंच फक्त तारखा लावायच्या होत्या. तिने ओढणी सावरली, "येतो मॅडम" म्हणाली (आपल्याकडच्या मुली 'येतो'च म्हणतात) आणि परत आली नाही. वीस वर्षं झाली, तो प्रश्न मी परत कुणाला विचारलेला नाही.

तुम्हीच आठवा, मालकाच्या मर्जीतल्या माणसाने रात्री अकराला मेसेज केला तर आपण काय करतो. उत्तर नाही दिलं तर सकाळी कामात खोट निघेल. दिलं तर उद्या पुन्हा येईल. मग 'हो सर 🙂' पाठवून फोन उशीखाली ठेवायचा. ती स्मायली म्हणजे होकार नव्हे, दार लोटून घेणं आहे. होकार मोजायचा तर नकार द्यायची मोकळीक किती होती हे आधी मोजावं लागतं, आणि जिच्या रजा, ओव्हरटाइम, पक्कं होणं ज्याच्या सहीवर आहे तिला ती मोकळीक फार थोडी असते. म्हणून सगळे मेसेज तारखेने लावून एकदा सलग वाचा. सुरुवात कुणी केली? कामाचा विषय कुठे सुटला? तिची उत्तरं आखूड कधी व्हायला लागली? तीन ओळींचं एका शब्दावर, एका शब्दाचं स्मायलीवर, स्मायलीचं निळ्या टिकांवर. हा उतार मी बऱ्याच प्रकरणांत पाहिलाय. पण कधी उलटंही दिसतं. दोघंही बरोबरीने गप्पा मारतायत, तीही आपणहून विषय काढतेय, आणि पुढे बिनसल्यावर तक्रार आलीय. तेही डोळे उघडे ठेवून बघा. फक्त एक: कालपर्यंतचा होकार उद्याला लागू नसतो. तिने थांबवलं की ते थांबलंच पाहिजे.

आणि तिने थांबवल्यानंतर काय झालं, ते मला तुमच्या पत्रात सगळ्यांत जड वाटलं. कायद्याचं तिसरं कलम इथे कामी येतं. लैंगिक वागण्याबरोबर फायद्याचं आमिष असेल, तोट्याची धमकी असेल, नोकरीच्या आजउद्याबद्दल इशारा असेल, कामात अडथळा आणून वातावरण भीतीचं केलं असेल किंवा तब्येतीवर परिणाम होईल असा पाणउतारा केला असेल, तर तो छळ ठरू शकतो. आमिष आणि धमकी उघड असावी लागत नाही. 'जरा समजून घेतलंस तर तुझंच भलं आहे' एवढंही पुरतं. त्या मुलीचे शनिवार कधी गेले, यार्डाचा हुकूम कुणी आणि कुठल्या तारखेला काढला, हे मस्टरमध्ये सापडेल. मस्टरला लाजही नसते आणि भीतीही नसते. पण अर्धवट बघू नका. त्याच महिन्यात मोठी ऑर्डर आली म्हणून सगळ्यांचेच शनिवार रद्द झाले असतील, तर तो मुद्दा गळतो. तिच्या एकटीचेच झाले असतील, तर मॅनेजरला कारण विचारा आणि ते लेखी घ्या. अशा कागदात लोक बरंच काही बोलून जातात.

आता तिसरे काका. ते 'काका' असतील असा माझा अंदाज आहे, कारण हा युक्तिवाद बहुधा ज्येष्ठ माणूस करतो, आणि चांगल्या मनाने करतो. कोल्हापूरची भाषा रांगडी आहेच, मला तिचा अभिमान आहे. साचा फुटला, भट्टीवर धांदल उडाली तर जी शिवी निघते ती साच्याला असते, भट्टीला असते, नशिबाला असते. कुणा बाईला ती नसते, आणि शॉपवर काम केलेल्या बाईला तो फरक नेमका कळतो. तेव्हा तिसऱ्या काकांना एक प्रश्न विचारा. मालकीणबाई प्लँटवर येतात तेव्हा ह्या रांगड्या माणसाची भाषा कशी असते? पुण्याहून ग्राहकाच्या ऑडिटर मॅडम येतात तेव्हा? त्यांना 'झोपलीस का' विचारतात का? जर तिथे 'या मॅडम, बसा मॅडम' होत असेल, तर माणसाला भाषा बदलता येते. कुणापुढे बदलायची आणि कुणापुढे नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक आहे. मग ही कोल्हापूरची भाषा राहिली नाही. 'सगळ्यांशीच तसे' याचाही अर्थ नीट लावा. तुमच्या पत्रात आहे की कंपनीत तुम्ही अकरा बायका आहात. सगळ्यांशीच तसे असतील तर तक्रार एकीची आली आणि दहाजणींची यायची आहे, असाही त्याचा अर्थ होतो. आणि गावाच्या नावाने सवलत मागायचीच असेल तर हेही आठवू दे, की स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध शाहू महाराजांनी १९१९ सालीच ह्या करवीरात कायदा केला होता.

बसमधल्या शेऱ्याबद्दल कुणी म्हणेल की ती सहल होती, कंपनी नव्हे. चालत नाही. कामाच्या निमित्ताने जिथे जिथे जावं लागतं ते कामाचं ठिकाण, आणि कंपनीने दिलेली गाडी कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे. तिथे साक्षीदारही भरपूर मिळतील. मात्र एकाला दुसऱ्यासमोर विचारू नका.

गैरवर्तन काय नाही, हेही बोललं पाहिजे, नाहीतर पुरुषांना वाटतं की आता गुड मॉर्निंग म्हटलं तरी नोटीस येईल. रिजेक्शन वाढलं म्हणून मॅनेजर सगळ्यांसमोर ओरडला, कागद भिरकावले, तर तो उद्धटपणा आहे. मोठ्या साहेबांकडे जरूर जा, पण ते ह्या समितीचं काम नाही. एका सहकाऱ्याने दुसरीला 'रंकाळ्यावर भेळ खायला येतेस का' असं एकदा, सरळ विचारलं, ती नाही म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो पूर्वीसारखाच कामाचं बोलायला लागला, तर काही घडलेलं नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, मैत्रिणीकडून निरोप पाठवले, नाही म्हटल्यावर तोंड फिरवून तिच्या कामात आडवा आला, की गाडी दुसऱ्या रुळावर गेली. 'साडी छान आहे' आणि 'साडीत छान दिसतेस' यांच्यात काय अंतर आहे, ते कुणी, कुठे, कितव्यांदा आणि बघत कुठे म्हटलं यावर ठरतं. याचं कोष्टक मला करता आलेलं नाही. इचलकरंजीतल्या एका प्रकरणात मी तक्रारदार बाईंच्या विरोधात मत दिलं होतं. सुपरवायझर त्यांना खरोखर त्रास देत होता, पण पगारावरून आणि जातीवरून. लैंगिक त्यात काही नव्हतं. आम्ही तसं लिहिलं, आणि त्या दोन गोष्टींची दाद कुठे मागायची तेही लिहून दिलं. त्या बाई खोटं बोलत होत्या असं कुणी म्हणू नये, म्हणून ते वाक्य मी अहवालात मुद्दाम घालायला लावलं. कायद्यात खोट्या, द्वेषाने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, पण नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून ती तक्रार खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलंय. मॅनेजरचे वकीलमित्र तुम्हाला त्याचा पहिला अर्धाच भाग ऐकवतील.

पुरुष कामगारावर असं झालं तर? हा कायदा त्याला दाद देत नाही, कंपनीच्या स्थायी आदेशांकडेच, म्हणजे नोकरीच्या नियमांकडे, बघावं लागतं. विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी यूजीसीचे २०१६ साली लागू झालेले नियम आहेत, त्यात मुलगे विद्यार्थीही तक्रार करू शकतात. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे ती व्यक्ती मात्र बाईही असू शकते.

फौजदारी बाजू थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे. लैंगिक छळ कलम ७५ मध्ये येतो: स्पर्श, मागणी, अश्लील दाखवणं याला तीन वर्षांपर्यंत, शेऱ्यांना एक वर्षापर्यंत. स्पष्टपणे नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा पाठलाग, कलम ७८, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत. संक्रांतीनंतरही मेसेज येत राहिले का, हे म्हणूनच विचारा. पोलिसांकडे जायचं की नाही हे ती मुलगी ठरवेल, समिती नाही. ती जाते म्हणाली तर मदत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. एकच अपवाद पक्का लक्षात ठेवा. तुमच्याकडे आयटीआयची पोरं-पोरी शिकाऊ म्हणून येत असतील, आणि त्यातल्या अठरा वर्षांखालच्या कुणाबाबत असं काही कानावर आलं, तर तिथे पोक्सो लागतो. त्या वयात होकाराला अर्थ नसतो आणि पोलिसांना कळवणं सक्तीचं असतं. 'घरातल्या घरात मिटवू' म्हणणारा स्वतः गुन्हेगार ठरतो, आणि हाताखालच्या माणसाच्या बाबतीत गप्प बसलेल्या कंपनीप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आता तुमची कामं. तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत यावी लागते. उशीर झाला असेल तर कारण लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने देऊ शकते. यार्डाचा हुकूम हा शेवटचा प्रसंग धरता येईल का ते बघा. तक्रारीची प्रत मॅनेजरला सात कामकाजाच्या दिवसांत जायला हवी, त्याचं उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांत यायला हवं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. बैठकीला अध्यक्षबाई धरून किमान तिघं हवेत. बाहेरची सदस्य कोण आहे ते आजच शोधा. एका कंपनीत ते नाव मालकांच्या मेहुणीचं निघालं होतं. वकील कुणालाच आणता येत नाही, त्यालाही नाही. पुरावा खुनाच्या खटल्यासारखा लागत नाही. दोन्ही बाजू ऐकून कोणती जास्त संभवते एवढं ठरवायचं. 'मिटवून टाका' असं मालक म्हणतील. समेट फक्त तिने मागितला तरच, आणि पैसे देऊन कधीच नाही. ज्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमच्याकडून दाद मिळाली नाही असं तिला वाटलं तर नव्वद दिवसांत अपील आहे, आणि ते त्यालाही आहे.

पण हे सगळं सुरू करायच्या आधी तिला लेखी विचारा, की चौकशी चालू असताना तुला काय हवं. बदली, तीन महिन्यांपर्यंत रजा, किंवा तुझ्या कामाचा शेरा त्याने लिहू नये, यातलं काहीही समिती सुचवू शकते. यार्डातून तिला टेबलावर आणणं हे मी पहिल्याच बैठकीत करून टाकीन. दोघांना समोरासमोर बसवू नका. टाइपिंग तुम्ही स्वतः करा, ऑफिसातल्या मुलाकडे देऊ नका. नाव फुटलं तर त्याचा दंड तुमच्यावर आहे. आणि बैठक कॅन्टीनशेजारच्या खोलीत घेऊ नका. तिथल्या भिंतींतून सगळं ऐकू येतं, हे तुमच्या फाउंड्रीत न येताही मी सांगू शकते.